ड्रग कोर्ट नक्की कसं चालतं? (त्या दुसऱ्या धाग्यावरून)

ओहायोची_मंजू | गुरुवार, रात्री ९:१०

'अमेरिकेत गुन्हा करा, कोर्स करा, सुटा' या धाग्यावर मी दोनदा प्रतिसाद लिहिला आणि दोनदा खोडला. एवढं लांबण तिथे मावलं नसतं, शिवाय तिथली गाडी आता भलत्याच रुळावर गेली आहे. म्हणून हा वेगळा धागा.

मी ओहायोत एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. नऊ वर्षं झाली, दर गुरुवारी आमच्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ड्रग कोर्टात केंद्रातर्फे बसते. ड्रग कोर्ट म्हणजे व्यसनापायी गुन्हा केलेल्याला तुरुंगाऐवजी जजच्या देखरेखीखाली उपचार घ्यायला लावणारं कोर्ट. कोणाची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही. पद्धत मात्र जशी आहे तशी सांगते.

सकाळी आठला बंद खोलीत बैठक असते. तिला स्टाफिंग म्हणतात. टेबलाभोवती जज, सरकारी वकील, बचावाचे वकील, प्रोबेशन अधिकारी, एक पोलीस, सगळ्याची मोट बांधणारी कोऑर्डिनेटर आणि आम्ही उपचारवाले. त्या दिवशी ज्यांची हजेरी आहे त्या प्रत्येकाचा आठवडा तिथे मांडला जातो. किती तपासण्या झाल्या, उपचाराच्या गटाला कोण आलं नाही, कोणाला काम लागलं, कोणाचं भाडं थकलं, कोण पुन्हा त्या जुन्या मित्राकडे राहायला गेलं. एरवी कोर्टात एकमेकांवर तुटून पडणारे दोन वकील इथे एका बाजूला बसतात. नव्याने आलेल्या बचावाच्या वकिलांना हे पहिले काही महिने पचतच नाही, आणि त्यांचं काही अगदीच चुकतं असंही मला वाटत नाही.

दहाला कोर्ट उघडतं. जज एकेकाला पुढे बोलावून थेट त्याच्याशी बोलतात, वकिलामार्फत नाही. "मुलीची शाळा सुरू झाली का?" "मागच्या मंगळवारी कुठे होतास?" जज माणशी सरासरी तीन मिनिटं तरी देतात त्या कोर्टांचे निकाल बरे येतात, असं अभ्यासात दिसलं आहे. तीन मिनिटं ऐकायला काहीच नाहीत. पण ज्याच्याशी आयुष्यात कुठला साहेब दम दिल्याशिवाय बोललेला नाही, त्याला विचारा.

तपासणीची पद्धत अशी. प्रत्येकाला एक रंग दिलेला असतो. रोज सकाळी एका नंबरवर फोन करायचा, रेकॉर्ड केलेला आवाज आजचा रंग सांगतो. आपला रंग लागला की ठरलेल्या वेळेत जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, आणि तोही माणूस समोर उभा असताना. आठवड्यातून निदान दोनदा, शनिवार-रविवार धरून. फोन विसरलात, बस चुकली, तर ती तपासणी पॉझिटिव्ह धरतात. भरमसाट पाणी पिऊन गेलात तर नमुना पातळ येतो आणि तोही अंगावर येतो.

नेम मोडला तर शिक्षा तिथल्या तिथे. निबंध लिहून आण, समाजसेवेचे तास भर, आठवडाभर रात्री घराबाहेर पडू नकोस, आणि शेवटी तुरुंग. तुरुंगही तीन ते पाच-सहा दिवसांचाच असावा असा संकेत आहे. लोकांना नवल वाटतं ते याचं: सुरुवातीच्या महिन्यांत नशा केल्यापेक्षा खोटं बोलल्याची शिक्षा मोठी असते. कारण सरळ आहे. वर्षानुवर्षं हेरॉइन घेणाऱ्याला पहिल्या आठवड्यात नशा थांबवणं जमेलच असं नाही. कोर्टात हजर राहणं आणि खरं बोलणं मात्र पहिल्या दिवसापासून जमू शकतं.

बक्षीसही असतं. आमच्याकडे एक काचेचा बाउल आहे, आठवडा नीट गेलेल्याने त्यातून चिठ्ठी काढायची. बहुतेक चिठ्ठ्यांवर 'शाब्बास' एवढंच असतं, काहींवर किराण्याच्या दुकानाचं कार्ड. सहा फूट उंचीचा, हातभर गोंदलेला गडी 'शाब्बास'ची चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवताना मी पाहिला आहे.

असे चार-पाच टप्पे, एकूण वर्ष ते दीड वर्ष, घसरला की त्याहून जास्त. बहुतेक ठिकाणी शेवटचे सलग ९० दिवस तरी निर्व्यसनी गेल्याशिवाय ग्रॅज्युएशन नाही. तर ही ती 'कोर्स करा, सुटा' वाली सुटका.

टपरीवरचा_चहा | गुरुवार, रात्री ९:४८

मंजूताई, झकास. त्या धाग्यावर 'सुटा' म्हणणाऱ्यांत मीही होतो, कान पकडतो. मला वाटायचं ड्रग कोर्ट म्हणजे आपल्या मुंबईतल्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) कोर्टासारखं काहीतरी. हे खूळ निघालं कुठून पण?

ओहायोची_मंजू | गुरुवार, रात्री १०:२०

मायामीतून, १९८९ साली. क्रॅक कोकेनची लाट होती, तुरुंग भरून वाहत होते आणि तीच ती माणसं पुन्हा पुन्हा समोर येत होती. तिथल्या न्यायाधीशांपैकी हर्बर्ट क्लाइन यांनी अभ्यास करून आराखडा आखला आणि स्टॅनली गोल्डस्टीन पहिले ड्रग कोर्ट जज झाले. तेव्हा तिथल्या मुख्य सरकारी वकील होत्या जॅनेट रीनो, ज्या पुढे क्लिंटन यांच्या काळात देशाच्या अॅटर्नी जनरल झाल्या. १९९४च्या गुन्हेगारीविषयक कायद्याने केंद्र सरकारचा पैसा सुरू झाला आणि मग पीकच आलं. आज अमेरिकेत अशी ३,००० हून जास्त कोर्टं आहेत, त्यांत माजी सैनिकांची, अल्पवयीनांची आणि मुलं काढून घेतली गेलेल्या आईबापांची वेगळी कोर्टंही आली.

आणि हो, एनडीपीएसचं विशेष न्यायालय ही पूर्ण वेगळी चीज. ते अमली पदार्थांचे खटले चालवतं. इथे खटला चालतच नाही.

पुरणपोळी_तूप_दूध | गुरुवार, रात्री १०:४१

एक बाळबोध प्रश्न. खसखस खाल्ली की ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येते म्हणतात ते खरं की थाप? आमच्याकडे दिवाळीत अनारसे असतात, म्हणून विचारलं. हलके घ्या.

ओहायोची_मंजू | गुरुवार, रात्री १०:५५

खरं आहे, आणि हलकं अजिबात नाही! खसखशीच्या दाण्याला अफूच्या बोंडातलं मॉर्फिन चिकटलेलं असतं. याच कारणाने केंद्र सरकारने नोकरीच्या तपासण्यांसाठी मर्यादा १९९८ मध्ये ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. पण कोर्टाच्या तपासण्या बऱ्याच ठिकाणी अजून जुन्या, खालच्या मर्यादेवर चालतात. म्हणून आमच्याकडे आत येताना जो करार सही करून घेतात त्यात कलमच आहे: खसखस असलेलं काहीही खाणार नाही. अल्कोहोलवालं माउथवॉश नाही, खोकल्याची ठरावीक औषधं नाहीत. 'मी बेगल (खसखस लावलेला गोल पाव) खाल्ला होता' ही सबब नऊ वर्षांत इतक्यांदा ऐकली आहे की आता बेगल खाताना मलाच अपराधी वाटतं.

टपरीवरचा_चहा | गुरुवार, रात्री ११:०२

अनारसे खाऊन अंदर. धाग्याचं सार्थक झालं :)

गोळीवाला_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ७:१५

चांगलं लिहिलंय, पण चित्र जरा गुलाबी आहे. माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा. ब्युप्रेनॉर्फिनवर (नशेची ओढ शमवणारं औषध) व्यवस्थित चाललेला माझा एक पेशंट ड्रग कोर्टात गेला आणि तिथे त्याला सांगितलं गेलं की ही गोळी म्हणजेसुद्धा नशाच, बंद कर. (कोर्ट कुठलं ते सांगत नाही.) ओपिऑइडच्या, म्हणजे हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या, व्यसनात मेथाडोन (तसंच दुसरं औषध) किंवा ब्युप्रेनॉर्फिन अचानक तोडणं म्हणजे काय, ते इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. शरीराची सवय उतरलेली असते, ओढ मात्र तशीच असते. माणूस एकदा घसरला आणि जुन्या मापाने घेतलं की संपलं. त्यात आता रस्त्यावर मिळतं ते फेंटानिल, हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल. इन्सुलिन बंद कर असं कुठला जज मधुमेह्याला सांगेल का?

ओहायोची_मंजू | शुक्रवार, दुपारी १२:३०

डॉक्टर, तुमचं खरं आहे, आणि मी सुरुवातीच्या पोस्टमध्ये हे टाळलं ते बरोबर नाही. २०१५ पासून केंद्र सरकारचं अनुदान घेणाऱ्या ड्रग कोर्टांना या औषधांवर असलेल्या माणसाला नाकारता येत नाही. 'गोळी सोडलीस तरच घेऊ' म्हणणंही बसत नाही. कागदावर. प्रत्यक्षात प्रत्येक काउंटीचा स्वभाव वेगळा. फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स या संस्थेने २०१७ मध्ये याच विषयावर अहवाल काढला, त्याचं शीर्षकच 'न्यायही नाही, उपचारही नाही' अशा अर्थाचं आहे. आमच्या खोलीत तो वाचून दोन गुरुवार धुसफूस चालली होती.

आमच्या जजना हे पटवायला आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉक्टरांना तीनदा कोर्टात यावं लागलं. पटलं. पण ते जज चांगले म्हणून. सगळा डोलारा त्या एका खुर्चीवर किती उभा आहे, याची मला धास्ती वाटते.

सांख्यिकी_सुरेश | शुक्रवार, दुपारी १:१०

आकडे बघू. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे जीएओने, २०११ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. ड्रग कोर्टात गेलेल्यांना पुन्हा अटक होण्याचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ६ ते २६ टक्के-अंकांनी कमी निघालं. वाईट नाही. पण ६ आणि २६ मधलं अंतर बघा. एकाच नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी चालतात असा त्याचा अर्थ.

शिवाय आत घेताना गोंडस केसेस निवडल्या तर निकाल गोंडस येणारच. तर मूळ प्रश्न: आत घेतात कोणाला?

ओहायोची_मंजू | शुक्रवार, रात्री ८:४५

हाच प्रश्न अपेक्षित होता. याचं उत्तर बहुतेकांना उलटं वाटतं.

लोकांची समजूत अशी की कॉलेजचा पोरगा, पहिलीच चूक, चांगलं घर, तो ड्रग कोर्टाचा खरा उमेदवार. नाही! ज्याचं व्यसन खरोखर मुरलेलं आहे आणि ज्याला नुसतं सोडून दिलं तर पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोठा आहे, त्याच्यासाठी हे कोर्ट आहे. हाय रिस्क, हाय नीड हे आमच्या तोंडातले परवलीचे शब्द. दोन्हीसाठी प्रश्नावल्या असतात, त्यांवर गुण पडतात. 'मला वाटतं हा सुधारेल' यावर प्रवेश ठरू नये अशी अपेक्षा असते.

कमी धोक्याच्या मुलाला इथे आणलं तर त्याचं नुकसान होतं. आठवड्याला तीन गट, दोन तपासण्या आणि एक कोर्ट यांत नोकरी किंवा कॉलेज बुडतं, आणि दिवसभर तो ज्यांच्या सोबत बसतो त्यांच्याकडून चार नवीन गोष्टी शिकतो. अशा मुलाला साधं डायव्हर्जन, म्हणजे खटला बाजूला ठेवून दिलेला छोटा कार्यक्रम, पुरतं.

बाकी अटी राज्यागणिक, काउंटीगणिक बदलतात. सहसा माणूस त्याच काउंटीत राहणारा लागतो, नाहीतर तपासणीला येणार कसा? धंदा म्हणून माल विकणाऱ्यांना घेत नाहीत. स्वतःच्या नशेपुरतं विकणाऱ्यांना काही ठिकाणी घेतात. हिंसक गुन्ह्यांना बहुतेक दार बंद, कारण १९९४च्या त्या कायद्यात अनुदानासोबत तशी अटच होती. गुन्हा ड्रग्जचाच हवा असं मात्र नाही. नशेसाठी दुकानातून चोरी केलेली, खोटे चेक लिहिलेली माणसं आमच्याकडे आहेत. सरकारी वकिलाची संमती बहुतेक ठिकाणी लागते आणि खरी चावी तिथे असते.

आणि हे ऐच्छिक आहे. माणूस नाही म्हणू शकतो. आता समोर दोन वर्षांचा तुरुंग असताना म्हटलेलं 'हो' किती ऐच्छिक, यावर सुरेशराव वेगळा धागा काढतील.

सांख्यिकी_सुरेश | शुक्रवार, रात्री ९:०५

काढणारच होतो. जे मध्येच बाहेर काढले जातात त्यांचं काय, तेही लिहा. आत वर्षभर हेलपाटे, मधूनमधून चार-चार दिवस तुरुंग, आणि शेवटी नापास झाला की मूळ शिक्षा उभीच. काहींना सुरुवातीलाच निमूट शिक्षा घेतली असती तर कमी दिवस पडले असते.

ओहायोची_मंजू | शुक्रवार, रात्री ९:२०

हो. असे दोघे मी पाहिले आहेत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

सिडनीचा_बंड्या | शनिवार, सकाळी ६:३०

इकडे न्यू साउथ वेल्समध्ये १९९८च्या कायद्याने ड्रग कोर्ट आलं, पॅरामॅटाला १९९९ पासून चालू आहे. इथे तर अटच आहे की तुम्हाला तुरुंगवास होण्याचीच शक्यता असली पाहिजे आणि गुन्हा कबूल हवा. आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले की चक्क सोडत काढतात! म्हाडासारखी. न लागलेला नेहमीच्या कोर्टात परत.

नवीन_आयडी_घेतलाय | शनिवार, सकाळी ९:५०

इथे नेहमी वावरते, पण हे माझ्या आयडीने लिहायचं धैर्य नाही. समजून घ्या.

माझा मुलगा २० वर्षांचा, कॉलेजात. परीक्षेच्या आठवड्यात मित्राच्या अॅडरॉलच्या (एकाग्रतेसाठी देतात त्या) गोळ्या त्याच्या बॅगेत होत्या, गाडी थांबवली तेव्हा सापडल्या. प्रिस्क्रिप्शन मित्राचं. अमेरिकेत आम्ही अकरा वर्षं आहोत, ग्रीन कार्डाच्या रांगेत, मुलगा एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा). वकिलांनी दोन मिनिटांत सांगितलं, "ड्रग कोर्ट किंवा तसाच प्रोग्राम घेऊ, गुन्हा कबूल करायचा, वर्षभराने केस डिसमिस, रेकॉर्ड साफ." घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मंजूताईंचं वाचून आता वाटतंय की तो तिथे बसतच नाही. काय करू?

कलम_बहाद्दर | शनिवार, सकाळी १०:२५

ताई, कृपया कशावरही सही करू नका. आधी हे वाचा. मी इमिग्रेशनचं काम करतो, तुमचा वकील नाही, तेव्हा ही सर्वसाधारण माहिती समजा. पण आजच एका इमिग्रेशन वकिलाला फोन करा.

राज्याच्या कोर्टात 'डिसमिस' झालेली केस इमिग्रेशनच्या कायद्यात 'दोषसिद्धी' असू शकते. १९९६ पासून केंद्राच्या कायद्यात दोषसिद्धीची स्वतंत्र व्याख्या आहे. त्यात दोनच गोष्टी बघतात. एक, माणसाने गुन्हा कबूल केला का, किंवा दोषी ठरवायला पुरेल एवढं मान्य केलं का. दोन, कोर्टाने त्याच्यावर कुठल्याही प्रकारची शिक्षा किंवा बंधन घातलं का. ड्रग कोर्टाचं वर्ष म्हणजे नुसती बंधनंच. पुढे जजनी टाळ्या वाजवून केस काढून टाकली तरी इमिग्रेशनच्या लेखी ती उभी राहते. आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्याला तिथे सूट जवळजवळ नाहीच. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच, एवढा एक अपवाद हद्दपारीच्या कलमात आहे. अॅडरॉल म्हणजे अॅम्फेटामीन, ते त्यात येत नाही.

म्हणून विचारायचा प्रश्न एकच: प्ली, म्हणजे गुन्ह्याची कबुली, आधी आहे की नाही? काही कार्यक्रम प्लीच्या आधीचे असतात, त्यांत कबुली नसते. काही प्लीनंतरचे. मंजूताईंच्या ओहायोत दोषसिद्धीऐवजी उपचाराची जी सोय आहे ती कबुली घेऊनच मिळते, म्हणजे नागरिकाला वरदान आणि व्हिसावाल्याला सापळा. कॅलिफोर्नियातही डायव्हर्जनसाठी कबुली लागायची. याच भानगडीमुळे त्यांनी कायदा बदलला आणि २०१८ पासून कबुलीशिवाय डायव्हर्जन मिळतं.

तुमच्या वकिलांना पडिला विरुद्ध केंटकी, २०१०, एवढंच विचारा. ४० वर्षं अमेरिकेत राहिलेला, व्हिएतनाम युद्धात लढलेला ट्रकचालक होता तो. 'इतकी वर्षं इथे आहेस, काळजी नको' असं वकिलाने सांगितलं म्हणून त्याने गांजाच्या केसमध्ये कबुली दिली आणि हद्दपारीची नोटीस आली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीचा हा परिणाम अशिलाला सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे.

अजून एक. घाबरून 'तो व्यसनी आहे हो, उपचार द्या' असं कुठे लिहून देऊ नका. ड्रग कोर्टात शिरायला तेच सिद्ध करावं लागतं, आणि इमिग्रेशनमध्ये व्यसनी असणं हेच वेगळं अपात्रतेचं कारण आहे.

ओहायोची_मंजू | शनिवार, सकाळी ११:४०

नऊ वर्षांत आमच्या खोलीत व्हिसाचा प्रश्न कोणी जेमतेम दोनदा काढला असेल. मीही नाही. हे वाचून बसले आहे थोडा वेळ.

ताई, उपचाराच्या बाजूने एवढंच सांगते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा आमच्याकडचा उमेदवार वाटत नाही, आणि ही चांगली बातमी आहे. पण गोळ्या पहिल्यांदाच होत्या की दोन वर्षांपासून चालू आहेत, हे त्याला विचारा. वकिलाला नाही, त्याला. ओरडू नका.

टपरीवरचा_चहा | शनिवार, दुपारी ४:००

ताई, धीर धरा. अवांतर प्रश्न विचारतो म्हणून राग मानू नका, बहाद्दरसाहेब, भारतात असं काही आहे का?

कलम_बहाद्दर | शनिवार, सायंकाळी ६:१५

ड्रग कोर्ट नाही, पण १९८५च्या एनडीपीएस कायद्यात दोन झरोके आहेत. कलम ६४अ: सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर तिच्यावर खटला चालत नाही. अर्धवट सोडलं तर ती सूट जाऊ शकते. कलम ३९: दोषी ठरल्यावरही कोर्ट तुरुंगाऐवजी, त्या माणसाच्या संमतीने, बाँड घेऊन उपचाराला पाठवू शकतं. अल्प प्रमाण म्हणजे गांजा एक किलोपर्यंत, हेरॉइन पाच ग्रॅमपर्यंत.

फरक असा की तिथे दर आठवड्याला 'मुलीची शाळा सुरू झाली का' विचारणारं कोणी नाही. आणि ६४अ मागायचं असतं हे आरोपीच्या घरच्यांना सांगणारंही सहसा कोणी नसतं.

पुण्याची_पमा | शनिवार, रात्री ८:३०

उपचाराचं म्हणाल तर आमच्या पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. माझ्या काकांचं तिथे झालं. कोर्टाचा दट्ट्या नव्हता, काकूचा होता.

नवीन_आयडी_घेतलाय | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार, विशेषतः कलम_बहाद्दर. इमिग्रेशन वकिलांनी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. फौजदारी वकील बदलले. आमच्या राज्यात कबुलीशिवायचा प्री-ट्रायल प्रोग्राम आहे, त्यासाठी अर्ज केलाय. सरकारी वकिलांनी अजून हो म्हटलेलं नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

मंजूताई, विचारलं त्याला. दोन वर्षांपासून नाही, पण पहिल्यांदाही नाही. आता नव्या वकिलांना विचारून एका समुपदेशकाकडे जातोय, तपासण्याही करून घेतोय. गाडीची चावी बाबांनी काढून घेतलीय, म्हणून मीच नेते-आणते. गाडीत दोघंही फारसं बोलत नाही. काल मात्र त्याने विचारलं, या वर्षी अनारसे करणार का. पीठ मुरत घातलंय म्हटलं, पण यंदा तिळावर थापू.